परक्याची कॅसेट आणि आपली आवड

गेल्या दिवाळीच्या आधी नगर शहरी, सावेडी भागातील एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. घरात झाडलोट चालली होती आणि दिवाणखान्यात भंगारवाल्यासाठी काढलेल्या वस्तूंचा ढीग पडला होता. त्यात जुन्या कॅसेटींचे एक खोके होते. बहुतेक कॅसेटी कंपन्यांनी छापलेल्या होत्या. एक मात्र निराळी होती. साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणून कोणी ती घरी भरलेली दिसत होती. आतील कागदावर शिसपेन्सिलीने ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाजू आखून गाण्यांस क्रमांक घातले होते. गाण्यांची नावे अर्धीमुर्धी, गायकांची बहुधा नाहीतच. आणि चौथ्या गाण्यापुढे ‘पुन्हा’ एवढाच एक शब्द. हे अक्षर घरातील कोणाचेच नव्हते. आमच्या स्नेह्यांच्या वडिलांनी चाळीसएक वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसाकडून एक वापरलेला टेपरेकॉर्डर विकत घेतला, त्याच्या पोटात ही कॅसेट राहून गेली होती, एवढीच तिची हकीकत. यंत्र सुदैवाने अजून चालत होते. ती कॅसेट लावून पाहण्याची इच्छा आम्ही दर्शविताच स्नेही हसले व म्हणाले, “अहो, कोण कुठला माणूस, त्याची आवड आपण कशाला ऐकायची? आता आपली आवड फोनलाच कळते.”

हे वाक्य त्यांचे एकट्याचे असते तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु आज आमच्या बहुतेक सुशिक्षित घरांतून हेच मत निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते, आणि ते प्रगतीचे लक्षण म्हणून मोठ्या समाधानाने बोलले जाते. आमचे म्हणणे असे की हे मत चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर ते निरुपद्रवीही नाही.

प्रथम त्या कॅसेटीचे सांगतो. पहिले गाणे भीमसेन जोशी ह्यांच्या आवाजातील अभंग होते. घरातील सर्वांनी मान डोलाविली. दुसरी सुलोचना चव्हाण ह्यांची लावणी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अशा घरात ती लागताच वडीलमंडळींनी खाकरले असते. परंतु ह्या थोर गायिकेने डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गाऊन तिला रेडिओच्या वाटेने आमच्या माजघरापर्यंत आणून पोहोचविले आहे, तेव्हा आता तिचे कौतुक करण्यास कोणी भीत नाही. तिसरे मोहम्मद रफी ह्यांचे हिंदी चित्रपटगीत. मग ते ‘पुन्हा’ अशी खूण केलेले चौथे गाणे सुरू झाले. ते भीमगीत होते. आवाज प्रल्हाद शिंदे ह्यांचा असावा असे आम्हांस वाटले. पहिले कडवे पुरते संपले नाही तोच आमच्या स्नेह्यांचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. “जरा हळू करतो, शेजारी लोक आहेत,” असे ते म्हणाले. अभंगाच्या आणि लावणीच्या वेळीही शेजारी होतेच. तेव्हा त्यांची आठवण झाली नव्हती.

आमच्या स्नेह्यांची फजिती करावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. तो हात पुढे येणार हे आम्हांस आधीच ठाऊक होते, कारण तो आमच्याच शिकवणुकीचा हात आहे. आमच्या लहानपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतील गाणी दुरून ऐकू येऊ लागली म्हणजे रस्त्याकडील खिडकी लावून घेण्याचे काम घरात आमच्याकडेच असे, आणि ते आम्ही का म्हणून कधी विचारले नाही. फरक इतकाच की त्या दिवशी सावेडीस आवाज कमी होताच स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाजही थांबला. तेथे काम करणाऱ्या बाई दारापर्यंत आल्या आणि उरलेले कडवे त्यांनी हलक्या आवाजात पुरे केले. त्यांस ते सबंध गाणे पाठ होते. त्या घरात त्या दहा वर्षे काम करीत आहेत. त्या गातात हे तेथे त्या दिवशी प्रथमच कळले.

आवाज थोडा कमी केला तर काय मोठे बिघडले, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून ह्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०१५ सालच्या मे महिन्यात शिर्डी येथे लग्नासाठी आलेल्या एका दलित तरुणाचा खून झाला. तो परिचर्येचे शिक्षण घेणारा विद्यार्थी होता. त्याच्या फोनची घंटी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील गाणे वाजले, जवळच्या काही जणांनी त्यास हरकत घेतली आणि त्यातून पुढचा प्रकार घडला, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. सावेडीच्या दिवाणखान्यातील हात आणि शिर्डीतील ते हात एकच होत, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आपल्या कानांच्या टप्प्यात जे वाजते ते आपल्याच आवडीचे असले पाहिजे, परक्याने निवडलेल्या गाण्याने तेथे येता कामा नये, ही समजूत दोन्ही ठिकाणी आहे. एके ठिकाणी ती सभ्यपणे बटण फिरविते. दुसरीकडे तिने एका आईचा मुलगा नेला. जी समजूत इतकी दूरवर जाऊ शकते, तिला घरात बसवून ‘आवड’ असे गोड नाव देण्यापूर्वी सुशिक्षितांनी थोडा विचार करावयास नको काय?

आता त्या फोनकडे वळू. हे यंत्र आपली आवड कशी ओळखते हे आता गुपित राहिलेले नाही. आपण कोणते गाणे शेवटपर्यंत ऐकले, कोणते मध्येच टाकून पुढे गेलो, कोणते पुन्हा लावले, ह्याची टिपणे ठेवली जातात. ती इतर असंख्य श्रोत्यांच्या टिपणांशी ताडून पाहतात. ज्यांची टिपणे आपल्याशी जुळतात त्यांनी ऐकलेले आणि आपण न ऐकलेले गाणे आपल्यापुढे ठेवितात. स्पॉटिफाय नावाच्या कंपनीने २०१५ साली प्रत्येक श्रोत्यास दर सोमवारी तीस गाण्यांची अशी यादी देण्यास आरंभ केला. भारतात ही कंपनी २०१९ साली आली. ही युक्ती कौतुकास्पद आहे, आणि तिच्यामुळे पुष्कळांस पूर्वी न ऐकलेली चांगली गाणी मिळाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिचे सारे मर्म ‘जुळतात’ ह्या एका शब्दात आहे. आपल्यासारखे जे आहेत त्यांच्याकडूनच आपल्याकडे गाणे येणार. जे आपल्यासारखे नाहीत त्यांचे गाणे आपल्या दारावरून निघून जाणार. सारख्यांनी सारख्यांशीच व्यवहार ठेवावा, हा नियम ह्या देशास नवा नाही. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ह्याच नियमाने चालत आले, आणि त्याचा बीमोड करण्यासाठी आमच्या सुधारकांच्या तीन-चार पिढ्या झिजल्या. यंत्रास जात कळत नाही हे खरे; परंतु ज्या समाजाची कानांची वस्तीच वेगवेगळी आहे, तेथे जातीचे नाव न घेताही गाण्याचा व्यवहार जातीजातींपुरता राहू शकतो. सावेडीच्या त्या घरात फोनने आजवर एकही भीमगीत सुचविले नव्हते. त्या घरात कोणी तसे ऐकले नव्हते, म्हणून सुचविले नाही. आणि सुचविले नाही, म्हणून ऐकले नाही. हे चक्र बाहेरून कोणी मोडावे लागते. येथे ते चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाने मोडले.

तो माणूस कोण होता, हे कळण्यास मार्ग नाही. परंतु त्याने काय केले असेल ते सांगता येते. कॅसेट ही वस्तू फिलिप्स कंपनीने १९६३ साली बाजारात आणली आणि आमच्याकडे ती १९८० नंतरच्या दशकात खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. त्यापूर्वी तबकड्या काढणे हे मोठ्या भांडवलाचे काम होते आणि कोणाचा आवाज जतन व्हावा हे एकदोन कंपन्या ठरवीत. कॅसेट स्वस्त होती, म्हणून भीमगीते, जागरण-गोंधळ, वग, गावोगावच्या दैवतांच्या आरत्या हे सारे मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. आणि ती घरी भरता येई, म्हणून निवडीचा अधिकार ज्याच्यापाशी थोडे पैसे आणि एक मोकळी संध्याकाळ आहे अशा कोणासही मिळाला. मात्र हे काम फुकटचे नव्हते. घरच्या यंत्रावर एक तासाची फीत भरावयाची तर निवडणाऱ्यास तासभर ऐकत बसावे लागे. एका बाजूस तीसच मिनिटे. तेव्हा कोणते गाणे ठेवावे, कोणते गाळावे, अखेरीस उरलेल्या दीड मिनिटात काय बसेल, ह्याचा हिशेब करावा लागे. ज्याने अभंगानंतर लावणी आणि लावणीनंतर काही वेळाने भीमगीत ठेविले, त्यास ही तिन्ही गाणी एकाच संध्याकाळी, एकाच कानाने हवी होती. आमच्या घरांत ती तीन वेगळ्या समाजांची गाणी आहेत. त्याच्या घरात ती एका माणसाची होती.

आणि कॅसेटीचा आणखी एक गुण, जो आज दोष मानला जातो, तो असा की तिच्यात नको ते गाणे सहज ओलांडता येत नाही. फीत पुढे पळवावी तर कोठे थांबावे ते कळत नाही. त्यापेक्षा ऐकून घेणे सोपे. आज पुष्कळ ठिकाणी तीस सेकंद वाजले म्हणजे गाणे ऐकले असे धरतात, आणि तेवढ्यात मन धरून ठेवील अशा बेताने गाणी रचली जातात. ज्या अभंगाचा आलापच मिनिटभर चालतो त्याची तेथे काय गत होणार? परक्याची आवड कळण्यास वेळ लागतो. पहिल्यांदा ती कानांस टोचते, दुसऱ्यांदा ओळखीची होते. तिसऱ्यांदा आवडेलच असे नाही, परंतु न आवडण्याचे कारण तरी सांगता येते.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल. दुसऱ्याने निवडलेले ऐकावे हे म्हणणे जुन्या गुरुशाहीचे आहे. आमच्यासाठी काय चांगले ते ठरविणारे तुम्ही कोण? आक्षेप योग्य आहे आणि त्याचा इतिहासही आहे. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांनी १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस जवळजवळ मज्जाव केला. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावे, त्यांची अभिरुची उंचावावी, हा हेतू वाईट नव्हता. परंतु श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरविली, तेथे त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अखेर १९५७ साली आकाशवाणीस ‘विविध भारती’ काढून त्याच गाण्यांस वाट द्यावी लागली. ह्यावरून आम्ही इतकेच शिकतो की जो श्रोत्यास कमी लेखून त्याच्यासाठी निवडतो त्याचे कोणी ऐकत नाही. कॅसेट भरणारा तो अनोळखी माणूस कोणाची अभिरुची सुधारण्यास निघाला नव्हता. त्यास एक गाणे आवडले आणि त्याने त्यापुढे ‘पुन्हा’ असे लिहिले. सुधारकाची निवड, व्यापाऱ्याची निवड, यंत्राची निवड आणि आवडीने केलेली निवड ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा पक्ष केवळ चौथीचा आहे. आकाशवाणीवर श्रोत्यांच्या पत्रांवरून गाणी लावण्याचा ‘आपली आवड’ नावाचा कार्यक्रम असे, तो ह्या चौथ्या जातीचा होता. त्याच्या नावातील ‘आपली’ हा शब्द पाहावा. फर्माईश करणारा कोठला तरी परका, आणि ऐकणारे सगळे. तरी कार्यक्रम ‘आपली आवड’.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा. परक्यांची गाणी आमच्यावर लग्नाच्या वरातीतून, उत्सवांच्या मांडवांतून रात्रंदिवस आदळत असतात, ती पुरे नाहीत काय? आमचे उत्तर असे की भिंत करून आणलेले ध्वनिवर्धक ऐकवीत नाहीत; ते ऐकण्याची शक्तीच हिरावून घेतात. रात्री दहा ते सकाळी सहा त्यांस बंदी करणारा नियम २००० सालापासून आहे. तो सर्वांच्या ध्वनिवर्धकांस सारखाच लागू करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ह्या ‘सारखाच’ शब्दावर बोट ठेवणे जरूर आहे, कारण एकाच्या मिरवणुकीस उत्साह आणि दुसऱ्याच्या मिरवणुकीस गोंगाट म्हणण्याची आमची सवय जुनी आहे. तिसरा आक्षेप कायद्याचा: घरी भरलेल्या कॅसेटी म्हणजे चोरी. हाही पुष्कळ अंशी खरा आहे. १९५७च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात १९८४ साली जी सुधारणा झाली ती अशा चोरट्या व्यापारास आळा घालण्यासाठीच, आणि नकली कॅसेटी विकणाऱ्यांमुळे कित्येक गरीब गायकांच्या तोंडचा घास गेला. परंतु आज गाणे उतरवून देण्याची गरजच उरलेली नाही. गाणी सर्वत्र उपलब्ध आहेत. दुर्मीळ आहे ती निवड. दहा गाण्यांची यादी कागदावर लिहून दुसऱ्याच्या हाती द्यावी. त्यात कोणाचाही हक्क बुडत नाही.

आणि हे सारे आम्ही कोणत्या जिल्ह्यात बसून बोलत आहोत? राहुरी तालुक्यातील ताहाराबादच्या महिपतींनी (१७१५–१७९०) १७६२ साली ‘भक्तविजय’ रचला, तो दुसऱ्याच्या कथा निवडून गुंफलेला ग्रंथ आहे. त्यासाठी त्यांनी उत्तरेकडील नाभाजींचाही आधार घेतला. कुळकर्णीपण सांभाळणाऱ्या घराण्यातील ह्या माणसाने चोखामेळा, गोरा कुंभार, सेना न्हावी, रोहिदास, कबीर ह्यांस एका पोथीत शेजारी बसविले, आणि ज्या ओसऱ्यांवर ह्या संतांस पाऊल ठेवू दिले नसते तेथे ती पोथी पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) पोवाडे आणि लावण्या गात. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून ते कीर्तनाकडे वळले अशी आख्यायिका आहे. चौंडीस जन्मलेल्या ज्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली ह्या जिल्ह्यास मिळाले, त्याच ह्या. त्याच संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा आणि जन्माने ब्राह्मण असलेले पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) एका फडात उभे राहिले तेव्हा बापूरावांस जातीने बाहेर टाकले. आज त्यांच्या लावण्या विद्यापीठांत शिकवितात आणि पवळेचे नाव पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊकही नसते. संगमनेरासच फड राखून असलेल्या कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या. आमच्या किती सुशिक्षित घरांत त्यांचा आवाज एकदा तरी लागला असेल? शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांनी आयुष्यभर गाणी रचून वस्त्यावस्त्यांतून गाइली. ती आमच्या खिडकीपर्यंत येत होती, आणि आम्ही खिडकी लावीत होतो. ह्याच नगरास पुण्याहून १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी आली. तेव्हापासून शेजारच्या आसनावर कोण बसेल हे आम्ही निवडीत नाही, आणि त्यामुळे आमचे काही बिघडले नाही. मग कानांच्या बाबतीतच इतके सोवळे कशासाठी?

मुलांच्या कानांवर भलतेसलते पडेल, ही आईबापांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु भलते कोणते आणि केवळ अपरिचित कोणते, हे मुलांस शिकविण्याचे काम बटण फिरविल्याने होत नाही. बरोबर बसून ऐकल्यानेच होते. ज्या घरात मूल केवळ स्वतःच्या आवडीच्या गाण्यांत वाढते, त्यास आपली आवड हीच अभिरुची वाटू लागते, आणि पुढे आपली माणसे हाच समाज वाटू लागतो.

आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी दारापाशी एक वही ठेवावी. प्रत्येक सभासदाने, आणि वाचनालय झाडणाऱ्या माणसानेही, तीत आपल्या आवडीची दहा गाणी क्रमाने लिहावीत. नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. ज्यास वाटेल त्याने कोणत्याही एका पानाची यादी उतरून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी मिळून ती ऐकावी. अट एवढीच की मध्येच पुढे जावयाचे नाही आणि आवाज कोणत्याही एका गाण्यासाठी कमी करावयाचा नाही. दहांपैकी नऊ गाणी आवडली नाहीत तरी चालेल.

आमच्या स्नेह्यांचे मत अद्याप बदललेले नाही, आणि हा लेख वाचून ते बदलेल अशी आमची खात्री नाही. कॅसेट मात्र त्यांनी भंगारात दिली नाही. ती सध्या आमच्यापाशी आहे. ‘ब’ बाजूचे शेवटचे गाणे फीत संपल्यामुळे मध्येच तुटते. ते कोणते हे आम्हांस ओळखता आले नाही. त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईंस विचारावे असे आम्ही त्यांस सुचविले आहे. त्यांनी कॅसेट परत मागितली तर चौथे गाणे जेथे सुरू होते तेथवर फीत आणून आम्ही ती त्यांच्या स्वाधीन करू.